‘इन्क्लूसा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : बाराव्या शतकातल्या जर्मनीतल्या युट्टा फॉन श्पोनहाइमवर मराठीत लिहायचं आहे. लॅटिन चरित्रात तिला ‘इन्क्लूसा’, म्हणजे कोंडून घेतलेली स्त्री, म्हटलंय. तिला ‘संन्यासिनी’ म्हणावं, ‘जोगीण’ म्हणावं की ‘एकांतवासिनी’?

माझ्या मते तिन्ही नकोत. ‘जोगीण’ म्हटलं की दारोदार जोगवा मागणारी बाई डोळ्यांपुढे येते. ‘संन्यासिनी’ चुकीचा नाही, पण फार मोघम आहे. आपल्याकडचा संन्यासी घर सोडतो आणि फिरतो. महानुभावांनी तर ‘अटन’ हा आचारधर्मच मानला. युट्टाचं नेमकं उलट झालं. आई वारल्यावर तिला तीर्थयात्रेला निघायचं होतं, पण भाऊ माइनहार्डने तिला जाऊ दिलं नाही. शेवटी 1 नोव्हेंबर 1112 रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, तिने डिझिबोडेनबर्गच्या मठालगत स्वतःला कायमचं कोंडून घेतलं. नाहे आणि ग्लान या नद्यांच्या संगमावरची ती टेकडी. तेव्हा ती विशीची होती आणि 22 डिसेंबर 1136 रोजी तिथेच वारली.

‘एकांतवासिनी’ म्हणायचं, तर एकांत होता कुठे? आत जाताना तिच्याबरोबर चौदा वर्षांची हिल्डेगार्ड होती, पुढे संत आणि संगीतकार म्हणून जिचं नाव झालं ती. हिल्डेगार्डला स्तोत्रं म्हणायला युट्टानेच शिकवलं. मागाहून आणखी मुली आल्या, सल्ला विचारायला लोकही येत. तिने माणसं सोडली नव्हती, बाहेर पडणं सोडलं होतं.

या अर्थाला अगदी जवळचा शब्द मराठीत तयार आहे : क्षेत्रसंन्यास. काशीसारख्या क्षेत्री जाऊन ‘देह पडेपर्यंत ही सीमा ओलांडणार नाही’ असं व्रत घेणं. व्रत जागेशी बांधलेलं असतं, हे त्यातलं मर्म आणि ते युट्टाला चपखल बसतं. फरक आहे तो सीमेचा. काशीत गल्ल्या, घाट, बाजार सगळं मोकळं असतं. हिची सीमा म्हणजे चार भिंती. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘कोठडीत क्षेत्रसंन्यास घेतलेली युट्टा’ असं लिहावं, पुढे नुसतं ‘क्षेत्रसंन्यासिनी’ चालेल. ‘जिवंत समाधी’ मात्र टाळा. कोंडून घेण्याच्या विधीत मृत्यूची छाया असली, तरी आत चोवीस वर्षांचं जगणं आहे, आणि ते जगणं खडतर होतं. देहाला शेवटची आंघोळ घालताना हिल्डेगार्ड आणि सोबतच्या दोघींना कपड्यांखाली साखळी सापडली; तिने अंगावर तीन वळ उमटवले होते. ‘एकांतवास’ या शब्दात अशा तपाचा मागमूस नाही.

एक पोटप्रश्नही होता : ‘राजकन्या’ म्हणावं का? नको. वडील श्टेफान हे श्पोनहाइमचे काउंट, राजे नव्हेत. ‘उमरावकन्या’ म्हणा.

आणि हिल्डेगार्डसाठी ‘क्षेत्रसंन्यासिनी’ हा शब्द जपून वापरा. 1150च्या सुमारास ती आपल्या भगिनींना घेऊन रूपर्ट्सबर्गला गेली आणि तिथे स्वतंत्र मठ चालवू लागली. तिथून पुढे तिला ‘मठप्रमुख’ म्हणावं लागेल.