जिवाणूंनी साठवलेलं प्लास्टिक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मातीतले जिवाणू प्लास्टिक बनवतात म्हणजे नेमकं काय करतात?

साखर मुबलक, पण नत्र किंवा स्फुरद अपुरं असलं की जिवाणूंची वाढ खुंटते. मग जास्तीचा कार्बन ते पेशीत पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट) या प्लास्टिकसारख्या पॉलिस्टरच्या कणांच्या रूपात साठवतात. आपल्या अंगावर चरबी चढते, तसंच हे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लमवान यांना १९२६ साली ते बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत सापडलं. क्युप्रियाव्हिडस निकेटर या जिवाणूच्या कोरड्या वजनात तर ८० टक्क्यांपर्यंत पीएचबी भरतं! कॉलेजात सुदान ब्लॅक आणि सॅफ्रॅनिन हे रंग असतील तर स्लाइड रंगवून बघाच. गुलाबी पेशींत निळे-काळे ठिपके स्पष्ट दिसतात.

प्रश्न : आम्ही पिकाला ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत देतो. त्यातही हे असतं का?

असतं. मात्र ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र स्वतःच मिळवतो, त्यामुळे त्याचा साठा वाढतो तो प्राणवायू कमी पडल्यावर.

प्रश्न : मग या प्लास्टिकच्या पिशव्या बाजारात का दिसत नाहीत?

खर्चामुळे. एक किलो पीएचबीला साधारण तीन किलो साखर लागते. त्यावर जिवाणू वाढवायच्या टाकीचं निर्जंतुकीकरण, सतत हवा पुरवणं आणि शेवटी पेशी फोडून माल वेगळा करणं. क्लोरोफॉर्मने तो शुद्ध निघतो, पण पर्यावरणासाठी बनवायच्या वस्तूला असलं द्रावक वापरणं मला पटत नाही.

शिवाय नुसतं पीएचबी ठिसूळ. ते १७५ अंशांच्या आसपास वितळतं आणि जरा जास्त तापलं की विघटित होऊ लागतं. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने जिवाणूंना ग्लुकोजसोबत प्रोपिऑनिक आम्ल देऊन लवचीक प्रकार काढला. १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शाम्पूच्या बाटल्याही आल्या. तरी किमतीत तो टिकला नाही.

ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यात साखर कारखान्यालाच जोडून हे उत्पादन केलं गेलं. साखर जागेवर, वाफ आणि वीज बगॅसमधून, म्हणजे उसाच्या चिपाडातून. आपल्या कारखान्यांकडेही हे सगळं आहे. पण मळीला इथे इथेनॉलचं गिऱ्हाईक आहे, आणि त्या भावाशी स्पर्धा करणं सोपं नाही. तरीही एखाद्या सहकारी कारखान्याने छोटा प्रकल्प उभारून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ‘कंपोस्टेबल’ पिशवी परसात पुरली, सहा महिने झाले, तशीच आहे. फसवणूक का?

तसंच म्हणता येणार नाही. अशा बऱ्याच पिशव्यांत पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) हे वेगळं प्लास्टिक असतं. त्यातलं लॅक्टिक आम्ल जिवाणू बनवतात, पण त्याची साखळी कारखान्यात जोडली जाते. ते लवकर कुजायला साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. परसातला खड्डा तेवढा तापत नाही. पीएचबी मात्र साध्या ओल्या मातीतही कुजतं, कारण ते तोडणारी विकरं (एन्झाइम) तिथल्या अनेक जिवाणू-बुरशींकडे असतात. पातळ कागदासारखं असेल तर लवकर, जाड बाटली असेल तर बराच काळ. उरलेली पिशवी उकरून काढा आणि महापालिकेचा मोठा कंपोस्ट प्रकल्प ती घेतो का, ते विचारा.