पेशी जिवंत ठेवणारी माणसं: विषाणू-प्रयोगशाळेबद्दल तुमचे प्रश्न

विद्यापीठातल्या विषाणू-संशोधनाविषयी बडोद्याच्या वाचकांकडून पत्रं आली. मशीनबद्दल कुणी फारसं विचारलेलं नाही. तिथं राबणाऱ्या माणसांबद्दलच विचारलं आहे, आणि तेच योग्य आहे. विषाणू साध्या रश्श्यात वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. त्यामुळे या प्रयोगशाळेतलं बरंचसं काम म्हणजे पेशी निरोगी आणि स्वच्छ ठेवणं, आणि ते हातांनीच होतं.

माझी मुलगी विद्यापीठात डेंग्यूच्या विषाणूवर पीएच.डी. करते. संध्याकाळी आली की थेट स्वयंपाकघरात शिरते. तिच्या कपड्यांवरून घरात काही येईल का? सासूबाई ऐंशीच्या आहेत. — एक आई, दांडिया बाजार

डेंग्यू कपड्यांवरून येत नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तो एडिस डासातून. तेव्हा सासूबाईंना धोका मुलीच्या ओढणीचा नाही, गच्चीवरच्या कुंडीखाली साठलेल्या पाण्याचा आहे. मुलीला स्वतःला असलेला धोका प्रयोगशाळेतला: सुई किंवा फुटकी काच टोचणं, डोळ्यात शिंतोडा उडणं. तसं झालंच तर टोचलेली जागा दाबू-पिळू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी. डोळा १५ मिनिटं धुवावा आणि लगेच गाइडना सांगावं. लपवू नये.

तिला तीन गोष्टी विचारा. अ‍ॅप्रन घरी धुवायला आणतेस का? आणू नये, त्याची सोय तिकडेच असायला हवी. हातमोजे घालून मोबाइलला हात लावतेस का? घरापर्यंत पोचणारी वस्तू मोबाइल आहे, कपडे नव्हेत. हिपॅटायटिस बीचे तीनही डोस झाले का? रक्ताचे किंवा सीरमचे नमुने हाताळणाऱ्या प्रत्येकाला ते हवेत: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणीही करून घ्यावी.

आणखी एक. ती कोणत्या विषाणूवर काम करते आणि गाइडचा फोन नंबर काय, हे एका चिठ्ठीवर लिहून घरात ठेवा. तिला ताप आला तर डॉक्टरांना पहिल्यांदा ती चिठ्ठी दाखवायची.

जुलैपासून आमच्या पेशींच्या कल्चरमध्ये दर आठवड्याला बुरशी येते. अँटिबायोटिक दुप्पट केलं, फरक नाही. सर म्हणतात, हात सुधारा. म्हणजे नेमकं काय सुधारू? — प्रोजेक्ट असिस्टंट, फतेहगंज

आधी अँटिबायोटिक पूर्वीच्या मात्रेवर आणा. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन बुरशीवर चालतच नाहीत. अँफोटेरिसिन चालतं, पण ते पेशींनाही जाचतं, आणि मूळ कारण तसंच राहतं.

नक्की काय शिरलंय ते फ्लास्क उजेडासमोर धरून पाहा. मीडियात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, फिनॉल रेड नावाचा रंग असतो. पेशी ठीक असतील तर रंग गुलाबी-लालसर दिसतो. एका रात्रीत पिवळा आणि गढूळ झाला तर जिवाणू. रंग दोन-तीन दिवस तसाच, पण कोपऱ्यात कापसाच्या पुंजक्यासारखं काही तरंगतंय, तर बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखे, कळ्या फुटलेले गोल कण दिसले तर यीस्ट. तिन्हींत फ्लास्क न उघडता तसाच ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, द्यायचा. 'एवढा एक वाचवू या' म्हणून धुऊन पाहणाऱ्यांनी इन्क्युबेटरमधले (पेशी उबेत ठेवायच्या कपाटातले) बाकीचे दहा घालवले आहेत.

मग चोर शोधा. मीडिया, सीरम, ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सोडवणारं द्रावण), बफर, प्रत्येकाचे ५ मिली वेगळ्या निर्जंतुक फ्लास्कमध्ये घ्या, पेशी घालू नका, आणि ३७ अंशांवर चार दिवस ठेवा. ज्यात वाढ दिसेल ती बाटली टाका. पुढच्या वेळी ५०० मिलीची बाटली आणल्या दिवशीच ५०-५० मिलीत वाटून ठेवा, म्हणजे एक बिघडली तरी बाकी वाचतात.

चारही स्वच्छ निघाल्या तर दोष खोलीत आहे, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात तो बहुधा खोलीतच असतो. पुठ्ठ्याची खोकी पेशींच्या खोलीतून आजच बाहेर काढा. दमट पुठ्ठा म्हणजे बुरशीचं शेत. इन्क्युबेटरच्या तळाचा पाण्याचा ट्रे दर आठवड्याला रिकामा करून पुसा आणि निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याने भरा. वॉटर बाथमध्ये बाटली मानेपर्यंत बुडवू नका. ते पाणी झाकणाच्या आट्यांत शिरतं, आणि झाकण उघडलं की तिथून थेट मीडियात. एसीची जाळी कधी धुतली, तेही पाहा.

आता हात. हूडचा, म्हणजे गाळलेल्या हवेत काम करायच्या कपाटाचा, पंखा काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं चालू हवा. पुढच्या जाळीवर वही ठेवायची नाही, कोपर टेकवायचं नाही. तिथली हवा अडली की बाहेरची खोलीतली हवा आत येते. उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, झाकण उताणं ठेवायचं नाही. पुसायला ७० टक्के अल्कोहोल. शुद्ध अल्कोहोल नको, कारण प्रथिनं गोठवायला पाणीही लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल फार लवकर उडून जातं. ९५ टक्क्यांचं असेल तर ७४ मिली घ्या आणि पाण्याने १०० करा. आपल्याकडे दारूबंदीमुळे इथेनॉलला परवाना आणि साठ्याची नोंद लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी आयसोप्रोपिल वापरतात. तेही ७० टक्केच.

आणि एक असं कंटॅमिनेशन आहे जे दिसतच नाही. मीडिया स्वच्छ, रंग ठीक, पण पेशी रेंगाळत वाढतात, आणि विषाणूचे आकडे दर वेळी वेगळे येतात. तो मायकोप्लाझ्मा, एक अगदी छोटा जिवाणू. त्याला पेशीभित्ती नसते, म्हणून पेनिसिलिन त्याला काही करत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो. माणसाच्या तोंडातही त्याच्या काही जाती असतात. हूडसमोर बोलू नका म्हणतात ते यासाठीच. दर महिन्याला पीसीआर करून पाहा. सापडला तर पेशी टाकून द्या आणि द्रव नायट्रोजनमधली जुनी, कमी पॅसेजची (कमी वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाटलेल्या पेशींची) कुपी काढा. त्या एका कुपीसाठीच सुरुवातीला दहा-वीस भरून ठेवायच्या असतात.

बाबा वीस वर्षं अशाच एका प्रयोगशाळेत अटेंडंट आहेत. बाटल्या धुतात, ऑटोक्लेव्ह लावतात. नातेवाईक म्हणतात, 'धुण्याचंच काम ना!' आता विषाणूंच्या कचऱ्याचं कामही त्यांच्याकडे आलंय. काय काळजी घ्यावी? — मुलगा, वाडी

नातेवाइकांना एवढंच सांगा: बाटलीत साबणाचा अंश राहिला तर पेशी तळाला चिकटत नाहीत, गोल होऊन तरंगतात, आणि पीएच.डी.च्या मुलांचा आठवडा वाया जातो. बाबांना हे माहीत असणार. विषाणू लागलेली काच आधी निर्जंतुक होते, मगच धुतली जाते. सौम्य साबणात रात्रभर भिजवणं, ब्रश, नळाच्या पाण्याने आठ-दहा वेळा खळबळणं, मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा. उलटी करून वाळवायची, तोंडाला फॉइल लावायचं, आणि ओव्हनमध्ये १६० अंशांवर दोन तास. रबर बसवलेली झाकणं ओव्हनला चालत नाहीत, ती ऑटोक्लेव्हला. यातली एकही पायरी दिसायला मोठी नाही, पण वरच्या मजल्यावरचा प्रत्येक शोधनिबंध तिच्यावर उभा असतो.

कचऱ्याचं काम मात्र नवं आहे, म्हणून सविस्तर.

पिशवी दोन तृतीयांशच भरायची आणि तोंड सैल ठेवायचं. गच्च गाठ मारली की वाफ आत जात नाही. बाहेर १२१ अंश असताना आतला कचरा कोमट राहतो, आणि गाठ इतकी नीटस दिसते की कुणाला शंकाही येत नाही. कचरा कोरडा असेल तर पिशवीत कपभर पाणी ओतायचं, म्हणजे वाफ आतूनही तयार होते. ऑटोक्लेव्हच्या तळाचं पाणी हीटरच्या वर आहे ना, ते रोज बघायचं. सुरुवातीला वरचा व्हॉल्व उघडा ठेवून आतली हवा जाऊ द्यायची, वाफेची सलग धार लागली की बंद. हवा आत राहिली तर दाबाचा काटा १५ पौंड दाखवतो पण तापमान १२१ ला पोचलेलं नसतं. वेळ मोजायची ती १२१ गाठल्यानंतर. मीडिया, पाणी यांना १५-२० मिनिटं, पण कचऱ्याला ४५ ते ६०.

पिशवीवर लावलेल्या ऑटोक्लेव्ह टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे झालं, असं पुष्कळ जण धरून चालतात. रेघा एवढंच सांगतात की टेप तापली. आतले जंतू मेले का, हे स्पोअर स्ट्रिप सांगते. तिच्यावर उष्णता सोसणाऱ्या जिओबॅसिलस जिवाणूचे बीजाणू असतात. ती कचऱ्याच्या मधोमध ठेवायची, नंतर द्रवात घालून ५५-६० अंशांवर दोन दिवस ठेवायची. काही वाढलं तर ऑटोक्लेव्ह नीट चालत नाही. ही पट्टी नियमित लावणं विभागाचं काम आहे. बाबांनी ती मागावी, संकोच करू नये.

ब्लीच असलेली बाटली ऑटोक्लेव्हला कधीही नाही, विषारी वायू सुटतो. सांडलेल्यावर ओतायचं १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचच) रोज ताजं करायचं, कारण ठेवल्या ठेवल्या त्याचा जोर कमी होतो. सांडलं तर आधी कागद पसरायचे, मग बाहेरच्या कडेकडून आत ओतत यायचं आणि ३० मिनिटं थांबायचं. झाकण उघडताना काटा शून्यावर हवा, तोंड बाजूला, जाड मोजे हातात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे असा कचरा जागेवरच निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर देता येत नाही. म्हणजे कायद्याची ही कडी बाबांच्याच हातात आहे. हिपॅटायटिसची लस, प्रशिक्षण आणि वर्षाची तपासणी यांवर त्यांचा संशोधकांइतकाच हक्क आहे. आणि शोधनिबंधाच्या शेवटी जिथं आभार मानतात तिथं त्यांचं नाव यायला हवं, असं आमचं ठाम मत आहे.

विषाणू दिसत नाहीत, मग मोजतात कसे? वर्गात सांगायचं आहे. — शिक्षिका, रावपुरा

त्यांनी पाडलेली भोकं मोजतात. ही पद्धत प्राण्यांच्या विषाणूंसाठी रेनाटो डल्बेको यांनी १९५२ मध्ये आणली. सहा खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशींचा सलग थर वाढवतात. विषाणूचं द्रावण दहा-दहा पटींनी पातळ करत जातात आणि प्रत्येक खळग्यात ०.२ मिली घालतात. तासभर, दर १५ मिनिटांनी प्लेट हलकेच झुलवायची, नाहीतर मधल्या पेशी वाळून मरतात. मग वर अ‍ॅगरोज किंवा मिथाइलसेल्युलोजचा घट्ट थर देतात, म्हणजे विषाणू शेजारच्याच पेशींत जाऊ शकतो, लांब वाहून जात नाही. काही दिवसांनी फॉर्मलिनने पेशी स्थिर करून क्रिस्टल व्हायोलेट घालतात. जिवंत थर जांभळा होतो, मेलेल्या जागी पांढरे गोल ठिपके राहतात. प्लेट खिडकीशी धरली की जांभळ्या काचेवर कुणी सुईने टोचल्यासारखं दिसतं.

गणित मुलांना आवडेल. एक लाख पट पातळ केलेल्या खळग्यात ४२ ठिपके आले. ४२ भागिले ०.२ म्हणजे २१०; गुणिले एक लाख. मूळ द्रावणात दर मिलीला २ कोटी १० लाख विषाणू. चुका नेहमीच्याच: दोन पायऱ्यांना पिपेटची एकच टिप वापरली की आकडा फुगतो, अ‍ॅगरोज गरम असताना ओतलं की पेशीच भाजतात, मधल्या दिवसांत प्लेट हलवली की ठिपक्यांना धूमकेतूसारखं शेपूट फुटतं.

नातवाला ताप आहे. चांदीपुऱ्याची तपासणी विद्यापीठात करून मिळेल का? — आजोबा, बाबाजीपुरा

नाही, आणि त्यासाठी थांबूही नका. संशोधनाची प्रयोगशाळा रुग्णाचा रिपोर्ट देत नाही. नमुना रुग्णालयामार्फत सरकारने नेमलेल्या ठिकाणी जातो, जसं पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला आणि वाळूमाशीतून पसरतो. पूर्व गुजरातेत २००४ मध्ये आणि गुजरातेत पुन्हा २०२४ मध्ये त्याची साथ आली. मुलाला तापाबरोबर उलट्या, झटके किंवा गुंगी असेल तर याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या. यात तास मोजावे लागतात.

पुरात वीज गेली तर उणे ८० च्या फ्रीजरमधल्या नमुन्यांचं काय करायचं? — तंत्रज्ञ

दार उघडायचं नाही, सर्वांत आधी हेच. भरलेला फ्रीजर हळू तापतो, रिकामा लवकर. म्हणून रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या गोठलेल्या बाटल्या ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हापासून तळमजल्यावरचे फ्रीजर आणि जनरेटर उंच ओट्यावर हवेत, हे वेगळं सांगायला नको. कोणत्या खणात काय आहे याची यादी दारावर चिकटवा, म्हणजे हलवायची वेळ आली तर शोधाशोध होत नाही. सुका बर्फ आणलात तर खोलीची खिडकी उघडी ठेवा, त्याच्या वायूने माणूस गुदमरतो. पेशींच्या कुपी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ वर असतात. त्यांना वीज लागत नाही, फक्त पातळी पट्टीने मोजून वेळेवर भरायची. विषाणूच्या कुपी अर्ध्या-अर्ध्या मिलीच्याच करा, कारण वितळून पुन्हा गोठवलं की त्यांचा टायटर, म्हणजे दर मिलीतल्या विषाणूंचा आकडा, उतरतो.

मी बारावीत आहे. विषाणूंवर काम करायला डॉक्टर व्हावंच लागतं का? — विद्यार्थी

नाही. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, एम.एस्सी., मग नेटची परीक्षा आणि जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती), हा सरळ रस्ता. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पुण्याच्या विषाणू संस्थेत खास व्हायरॉलॉजीचं एम.एस्सी.ही आहे. तोवर कॉलेजात पिपेट हातात मिळाली तर असं कर: १ मिली पाणी घे, वजनकाट्यावर टाक, वजन लिही. असं दहा वेळा. प्रत्येक वेळी १ ग्रॅमच्या आसपास येऊ लागलं की पुढचं शिकायला घे.