इतक्या वर्षांनी मित्राची माफी मागावी का?

‘लहानपणी मित्राचा घात केला. आता चाळिशी उलटली, जुनं उकरून काढू का?’ हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. अमळनेर तालुक्यातले एक शिक्षक (ओळख बदलली आहे) तो घेऊन आले. खालिद हुसैनी यांची ‘द काइट रनर’ ही २००३ सालची कादंबरी वाचल्यापासून त्यांची झोप उडाली होती.

कादंबरी काबूलची. १९७५ च्या हिवाळ्यात नोकराच्या मुलावर, हसनवर, गल्लीत अत्याचार होताना त्याचा श्रीमंत घरातला मित्र अमीर पाहतो आणि पळून जातो. पुढे त्याच्याच गादीखाली घड्याळ आणि पैसे ठेवून त्याला चोर ठरवतो.

सरांचा जिवलग म्हणजे त्यांच्या शेतावरच्या सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, मुलगा. कापसाच्या पैशांतल्या काही नोटा सरांनी काढल्या, आळ त्याच्यावर आला, सर गप्प राहिले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपलं आणि वडिलांनी सालदाराला पुन्हा ठेवलं नाही. पोराची शाळा सुटली, तो सुरतेला यंत्रमागावर लागला.

सर खाली बघत म्हणाले, “आळ आल्यावर मीच त्याच्याशी बोलणं टाकलं. तो दिसला की मला त्याचाच राग यायचा.”

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे. कादंबरीतही अमीर हसनला डाळिंबं फेकून मारतो, ‘मलाही मार’ म्हणून ओरडतो. हसन एक डाळिंब स्वतःच्याच कपाळावर फोडतो. ज्याचं आपण वाईट केलं, त्याचा चेहरा आपल्याला आपली करणी दाखवतो, म्हणून तोच डोळ्यांत सलतो. अशी माणसं पुढे बऱ्याचदा कोणाला जवळ येऊ देत नाहीत.

‘मी चुकीचं वागलो’ आणि ‘मी माणूसच वाईट’ यांत फार अंतर आहे. पहिल्यातून भरपाई सुचते, दुसऱ्यात माणूस तोंड लपवतो. म्हणून आधी सरांकडून पत्र लिहून घेतलं, न पाठवण्यासाठी. पहिल्या खर्ड्यात ‘पण मी लहान होतो’ होतं. ते खोडायला त्यांना बराच वेळ लागला. मग ठरलं: काय केलं ते सांगायचं, ‘माफ कर’ असा हट्ट धरायचा नाही, त्याला बोलायचं नसेल तर निमूट परतायचं. अमीर भरपाई करायला निघतो तेव्हा हसन या जगात नसतो. सरांचा मित्र सुरतेत होता.

सर गेले. मित्राने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “माले तवाच माहीत व्हतं. तू मना बापले सांगाले पाहिजे व्हतं.” मित्राचे वडील वारले होते. “आई गावात शे, तिले सांग. चार माणसांसमोर.”

सरांनी सांगितलं, आपल्या म्हाताऱ्या वडिलांनाही सोबत नेऊन. मैत्री पूर्वीसारखी झालेली नाही. मित्र अधूनमधून फोन उचलतो.