आज रात्री तिसरं प्रकरण उघडू नको

दारव्हा तालुक्यातल्या बत्तीस वर्षांच्या एका प्राध्यापकाचं पत्र आहे. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, इतिहास शिकवतो. पीएचडीची नोंदणी २०२३ ची. गाइडनी आठ महिने प्रकरण वाचलेलं नाही. "दिवाळीपासून झोप नाही. रोज रात्री तिसरं प्रकरण उघडतो, एक स्वल्पविराम बदलतो, बंद करतो. बाबा वावरात राबतात, मी आळशी बसून खातो. आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं."

भाऊ, तुझं शेवटचं वाक्य आधी घेते. हा विचार नुसता येऊन जातो, की कसं करायचं इथपर्यंत गेलाय? गेला असेल तर आज एकटा झोपू नको. आईला सांग, भावाला सांग, आणि घरातलं फवारणीचं औषध त्यांना कुलपात ठेवायला लाव. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. विचार तिथवर गेला नसेल तरी लाव.

आणि आळशी हा शब्द सोड. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी गेली, तेव्हा बाबांना आळशी म्हणाला होतास का? झोप, भूक, उमेद दोन आठवड्यांच्या वर गेलेली असली की डॉक्टर नैराश्य आहे का ते तपासतात. तुझे तर कितीतरी महिने गेले. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. सकाळच्या एसटीनं जा. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून आपल्या मनानं बंद करू नको.

गाइडचं वागणं चूकच आहे, त्याचा दोष स्वतःवर घेऊ नको. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. म्हणजे वेळ संपलेली नाही. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. प्रकरण कोणत्या तारखेला दिलं, ते तिथे लेखी दे. पण हे झोप लागायला लागल्यावर. सुट्ट्यांत मानधन नाही, त्यात ही घालमेल. एवढ्या ओझ्याखाली कुणाचाही हात लिहायला चालत नाही.

बाबांना मात्र आजच सांग. पीएचडीचं राहू दे, "मले झोप येत नाही" एवढंच सांग. यवतमाळला ते सोबत येतील असं मला वाटतं.