खेळ रंगतात, लाइन मात्र थांबतेच

प्रश्न : आमच्या कारखान्यात दरवर्षी 12 सुपरवायझरांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण होतं. स्पॅगेटीच्या काड्यांचा मनोरा, डोळे बांधून चालणं, सगळं रंगतं. कामावर परतल्यावर मात्र प्रॉडक्शन आणि मेन्टेनन्सवाले पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवतात. यंदा काय बदलावं?
— एचआर अधिकारी, बुटीबोरी, नागपूर

उत्तर : मनोऱ्याचा खेळ ठेवा, पण अर्ध्या तासात आटपा. 20 काड्या, एकेक यार्ड चिकटपट्टी आणि दोरी, टोकावर ठेवायला एक मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर गोळी), 18 मिनिटं. त्यात शिकण्यासारखं एकच आहे : मार्शमॅलो अगदी शेवटी टोकावर ठेवला की मनोरा वाकतो, म्हणून चाचणी आधीपासून घ्यावी. उरलेला दिवस कारखान्यातल्याच एका अडचणीला द्या.

अडचण आधी एका वाक्यात लिहा. काय, कुठे, कधी, किती एवढंच. कारण, उपाय किंवा माणसाचं नाव त्यात नको. ‘मेन्टेनन्स वेळेवर येत नाही’ हा आरोप झाला. ‘दुसऱ्या पाळीच्या पहिल्या तासात पॅकिंग लाइन दोन-तीनदा थांबते’ ही अडचण. प्रशिक्षणाआधी आठवडाभर प्रत्येक थांब्याची वेळ आणि मिनिटं दोन्ही विभागांनी एकाच वहीत लिहावीत. दोन वह्या झाल्या की सकाळ आकड्यांच्या भांडणातच जाते.

मग सहा-सहा जणांचे दोन गट करा, प्रत्येकात दोन्ही विभागांची माणसं. बोलण्याआधी लिहायचं. जर्मनीच्या बर्न्ड रोरबाख यांनी 1968 मध्ये मांडलेली 6-3-5 पद्धत इथे चपखल बसते : सहा जण, प्रत्येकी तीन सूचना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. त्याने आधीचं वाचून पुढे भर घालायची. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, एका गटाच्या कागदांवर 108 नोंदी होतात. बऱ्याच एकसारख्या असतात, त्याने बिघडत नाही. तोंडी चर्चेत एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात आणि मनातलं विसरतात. ज्येष्ठ माणूस आधी बोलला तर इतर त्याचीच री ओढतात. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, चालेल. शुद्धलेखनाची परीक्षा नाही, हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर अर्धे कागद कोरे येतील.

त्यानंतर ‘असं का?’ हा प्रश्न लागोपाठ विचारत मुळाशी जा. इथे हमखास घसरतं : दुसऱ्या-तिसऱ्या ‘का’ला ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ असं उत्तर येतं आणि सगळे समाधानाने थांबतात. लक्ष का नव्हतं? पाळी बदलताना सेटिंगची नोंद दिली जात नाही. का? त्यासाठी जागा आणि वेळ ठरलेलीच नाही. इथवर आलात की काही करता येतं. तरीही हॉलमध्ये सापडलेलं कारण हा अंदाजच असतो, म्हणून जेवणानंतर दोन्ही गटांनी थेट लाइनवर जाऊन तपासावं. मे महिन्यात हा कार्यक्रम ठेवू नका. पत्र्याच्या शेडखाली दुपारी कोणी दहा मिनिटंही नीट पाहणार नाही.

उपाय निवडताना प्रत्येकाला तीन मतं द्या, चिठ्ठीवर. हात वर करून नको. शेवटी दोनच उपाय ठेवा आणि प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव, तारीख आणि मोजमाप लिहा. ‘दोन्ही विभाग मिळून करतील’ असं लिहिलं की ते कोणीच करत नाही. सात दिवसांनी आणि तीस दिवसांनी त्याच वहीतले आकडे पुन्हा पाहा.

प्रश्न : अशा वेळी मोठ्या साहेबांनी हॉलमध्ये बसावं का?
— सुपरवायझर, हिंगणा एमआयडीसी

उत्तर : पहिली पंधरा मिनिटं बसावं. खर्चाची मर्यादा किती, कोणते नियम बदलता येणार नाहीत, हे स्वतः सांगावं आणि उठावं. मागच्या खुर्चीवर ‘नुसतं ऐकतो’ म्हणून बसले तरी लोक त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच बोलतात. शेवटच्या पाऊण तासाला परत यावं आणि प्रत्येक उपायाला तिथेच उत्तर द्यावं : हो, नाही, आणि का नाही, किंवा अमुक तारखेपर्यंत सांगतो. ‘बघू’ मात्र म्हणू नये.