क्रूझला निघालात? आधी बंदरातले तास मोजा

गेल्या अंकात सिंगापूर, पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर अशा आमच्या क्रूझबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तर देणं काही जमायचं नाही, पण जे प्रश्न फिरून फिरून आलेत ते घेते.

प्रश्न : लग्नाला २५ वर्षं होतायत. एजंटने दोन पर्याय दिलेत, एक मोठी बोट आणि एक छोटी 'लक्झरी' बोट. दुसरीचे पैसे जवळजवळ तिप्पट सांगतोय. खरंच एवढा फरक असतो का हो? (पुणे)

असतो, पण एजंट सांगतो तिथे नसतो. मोठी बोट म्हणजे तरंगतं शहरच, चार-चार हजार माणसं, घसरगुंड्या, थिएटर, आणि नाश्त्याला डोशाच्या काउंटरपुढे कार्यालयातल्या पंगतीसारखी गर्दी. लक्झरी बोटीवर काहीशे ते फार तर हजारभर प्रवासी, बहुतेक खोल्यांना बाल्कनी, आणि दुसऱ्या दिवशी वेटर तुम्हाला नावाने हाक मारून विचारतो की चहा कालच्यासारखाच कडक का. पैशाचं म्हणाल तर मोठ्या बोटीवर टिपाच माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर बिलात आपोआप लागतात, म्हणजे दोघांचे पाच रात्रींचे दीड-दोनशे डॉलर तिथेच गेले, वर वायफाय वेगळं, पेयं वेगळी, स्पेशल रेस्टॉरंट वेगळं. लक्झरीत हे बरंचसं तिकिटातच धरलेलं असतं. तेव्हा आधी सगळी बेरीज करा मग तुलना करा, तिप्पट दिसतंय ते दुप्पटीवर येईल कदाचित.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. एजंटला स्विमिंग पूल किती ते विचारू नका, कुठल्या बंदरात किती वाजता पोचते आणि किती वाजता सुटते ते लेखी मागा. कागदावर 'क्वालालंपूर' लिहिलेलं असतं, बोट धक्क्याला लागते पोर्ट क्लांगला, ते शहरापासून सुमारे ४० किलोमीटर, ट्रॅफिक धरून जायला तास-सव्वा तास आणि यायला तेवढाच. आठ तासांचा मुक्काम असेल तर बाटू केव्हजच्या २७२ पायऱ्या चढा नाहीतर पेट्रोनास टॉवर बघा, दोन्ही आणि वर शॉपिंग असं करायला गेलात तर दिवसभर बसची खिडकीच बघाल.

मलेशियातल्याच पिनांगचं बरोबर उलटं. स्वेटनहॅम पिअरवरून बाहेर पडलं की समोरच जुनं घड्याळाचं टॉवर, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून बरोब्बर ६० फूट उंच बांधलेलं, वर्षाला एक फूट! शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस, आणि पंधरा-वीस मिनिटं रमतगमत चाललात की लिटल इंडिया, तिथे १८३३ सालचं महामरिअम्मन देऊळ, मोगऱ्याचे गजरे, केळीच्या पानावरचा भात. हे सगळं म्हणजे पिनांगचं जुनं शहर जॉर्ज टाउन, ते २००८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे आणि बघायला टॅक्सीसुद्धा लागत नाही, फक्त छत्री आणि चांगल्या चपला. तेव्हा छोट्या बोटीचा पिनांगचा मुक्काम सकाळी ८ ते रात्री ८ असेल आणि मोठीचा दुपारी २ ते ७, तर जास्तीचे पैसे वसूल. उलटं असेल तर मोठी बोट घ्या आणि उरलेल्या पैशात बायकोला बांगड्या करा.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या. माहेर रेवसजवळचं. 'रामदास'चं नाव निघालं की अजून हात जोडतात, बोटीत पाय ठेवायला तयार नाहीत. शिवाय मला स्वतःला बोट लागते. (अलिबाग)

ताई, सासूबाईंचं चुकत नाही हो. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, तुमच्याकडच्या घराघरातली ती गोष्ट आहे, ती 'आता टेक्नॉलॉजी सुधारलीये आई' असं म्हणून पुसली जायची नाही. मी आमच्या आत्याला एक केलं ते सांगते. बोटीवर चढल्या चढल्या मस्टर ड्रिल असतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते. इटलीत २०१२ मध्ये कोस्टा काँकॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आपटली तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच जणांचं ते ड्रिल झालेलंच नव्हतं, त्यानंतर नियम कडक झाला, आता बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ते करावंच लागतं. लोक कंटाळून उरकतात. मी आत्याला तिच्या जमायच्या जागेपर्यंत दोनदा चालवत नेलं, जॅकेट हातात दिलं, वर टांगलेली केशरी लाइफबोट दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही आपल्या लाँचपेक्षा मोठी आहे की." त्या रात्री झोपली शांत.

राहिलं तुमचं. या वाटेवरची मलाक्काची सामुद्रधुनी बरीच शांत असते, एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलाया, मध्ये अडोसा. पहाटे कधीतरी सुमात्राकडून वादळी पावसाची सर येते, ढगांचा गडगडाट, तासा-दोन तासांत संपतं. बोटीला पाण्याखाली माशाच्या पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात त्यामुळे डुलणं कमी होतं. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध घ्या, तिथे सगळ्यात कमी हलतं, वरची बाल्कनीवाली महाग खोली तुमच्यासाठी नाहीच. डॉक्टरांना विचारून गोळी आणा आणि मळमळायच्या आधी घ्या, नंतर घेऊन फारसा उपयोग नसतो. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या. आणि मे ते ऑक्टोबर फुकेतवाली क्रूझ नकोच, तो तिकडचा पावसाळा, फुकेतच्या पाटोंग बीचला मोठ्या बोटी किनाऱ्यापासून लांब नांगर टाकतात आणि छोट्या टेंडर बोटीतून उतरावं लागतं, समुद्र खवळला की ते उतरणंच रद्द होतं, मग बसा लांबून फुकेत बघत.

प्रश्न : दिवाळीतच जातोय. फराळ नेला तर चालेल का? आणि ह्यांची तंबाखू? (सांगली)

तंबाखू घरी. चघळायची तंबाखू, गुटखा, जर्दा सिंगापुरात आणायलाच बंदी आहे, पुडी एक असो की दहा. आणि फराळाचं म्हणाल तर चिवडा-चकलीचं माझं काही म्हणणं नाही, मला भीती अनारशांची! खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते, आणि आपण अनारशाला एका बाजूने थापतो तीच खसखस, करंजीच्या सारणात भाजून घालतो तीही. कस्टमवाल्यापुढे डबा उघडून 'हे फक्त सणाचं आहे' हे इंग्रजीत कसं समजावणार? यंदा करंजी बिनखसखशीची करा. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तिचीही आधी परवानगी लागू शकते, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

बोटीवर इस्त्री, शेगडी, इलेक्ट्रिक केटल, एक्स्टेंशन बोर्ड काढून घेतात आणि उतरताना परत देतात, आगीची भीती, बाकी काही नाही. जेवणाची चिंता नको, सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवर भारतीय जेवण बहुतेक असतंच, जैन हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, चढल्यावर सांगितलंत तर चार दिवस उकडलेला बटाटा खाल.

प्रश्न : व्हिसा कुठले आणि पासपोर्ट बोटवाले ठेवून घेतात ते खरं का? (ठाणे)

खरंय, या भागातल्या बऱ्याच बोटी ठेवून घेतात, घाबरू नका, झेरॉक्स जवळ ठेवा. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा कारण बोट बाहेर गेली आणि परत आली की ती दुसरी एंट्री धरतात. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून आपल्याला ३० दिवसांपर्यंत व्हिसाची सूट दिली, पण हे नियम बदलत असतात, मलेशिया काय आणि थायलंड काय, पैसे भरायच्या दिवशी सरकारी साइटवर स्वतः बघा.

आणि सिंगापूरला एक दिवस आधी पोचा. विमान उशिरा आलं म्हणून बोट थांबत नाही. मोकळ्या दिवसात सेंट अँड्र्यूज कॅथिड्रलला जा, आम्ही पोस्टकार्डापुरते गेलो आणि तासभर बसलो. १८५६ ते ६१ मध्ये बांधलंय ते हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी, त्या काळी मुंबई इलाख्यातलेही कैदी सिंगापूरला पाठवत. भिंतींच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक, साखर आणि नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी घातलं होतं म्हणे, म्हणून तो गिलावा अजून गुळगुळीत लागतो हाताला.

प्रश्न : फिरता फिरता उशीर झाला आणि बोट सुटली तर? (नागपूर)

बोटवाल्यांचीच टूर घेतली असेल आणि त्यांची बस अडकली तर थांबतात. स्वतः टॅक्सी करून गेलात तर नाही, मग पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने. आमचं फुकेतला झालंच होतं की! शेवटची टेंडर ५ ला, आम्ही पाटोंगला आंबा आणि चिकट भात खात बसलेलो, नारळाचं दूध वरून ओततात तो, मी फोन बघितला तर ३:४०, म्हटलं अजून एक प्लेट मागवू. शेजारच्या टेबलावरची बोटीतलीच एक बाई पिशव्या गोळा करून पळत सुटली तेव्हा ह्यांची ट्यूब पेटली, थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे, फोनने गपचूप तिथली वेळ धरली होती आणि बोट मात्र सिंगापूरच्याच वेळेवर. म्हणजे वाजले होते ४:४०. भर उन्हात वाळूतून चप्पल हातात घेऊन पळालो, ह्यांचा गुडघा तसाच दुखरा, टेंडरवाल्या पोराने हात देऊन आत ओढलं आणि आम्हीच शेवटचे. आता ह्यांच्या मनगटावर माझ्या सासऱ्यांचं चावीचं एचएमटी असतं, बोटीत पाय ठेवला की बोटीच्या वेळेला लावायचं आणि उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.