पोटरी एक, स्नायू दोन

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीत घरी पोहोचण्यासाठी रोज जांभ्या दगडांची उंच पाखाडी चढावी लागते. लावणीच्या दिवसांत पोटऱ्या भरून येतात, रात्री गोळाही येतो. फिजिओथेरपिस्टनी भिंतीला हात टेकून पोटरीला ताण द्यायला सांगितला आहे, एकदा गुडघा ताठ ठेवून आणि एकदा वाकवून. पोटरी एकच असताना दोन व्यायाम कशासाठी?
– एक वाचक

उत्तर : आपल्याला दिलेला सल्ला अगदी योग्य आहे, कारण पोटरीत एकावर एक असे दोन मोठे स्नायू असतात. वरचा, फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस. तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून दोन फाट्यांनी निघतो, म्हणजेच गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याच्याखाली लेप माशासारखा चपटा व रुंद सोलियस असतो, जो नडगीच्या व तिच्या शेजारच्या बारीक हाडापासून निघत असल्याने गुडघ्याशी त्याचा काही संबंध येत नाही. पुढे दोघेही ॲकिलीस कंडरेत, म्हणजे टाचेमागच्या दोरीसारख्या जाड पट्ट्यात, मिळून टाचेच्या हाडाला जोडले जातात.

सगळी मेख गुडघ्यात आहे. गुडघा वाकला की गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि टाच उचलण्याचा भार मुख्यतः सोलियसवर येतो. पाखाडीच्या उंच पायरीवर वाकलेल्या गुडघ्याने अंग वर घेताना नेमके हेच होते. सोलियसमधील सुमारे ७० ते ९० टक्के तंतू संथ व चिवट असतात, त्यामुळे नुसते उभे राहण्याचे कामही तो न थकता करतो. गॅस्ट्रोक्नेमियसमध्ये असे तंतू जवळपास निम्मेच असल्यामुळे धावणे आणि उडी मारणे यांत तो अधिक उपयोगी पडतो, पण लवकर दमतो. लावणी करताना गुडघे बहुधा ताठ आणि शरीराचा भार पुढे झुकलेला असतो, तेव्हा मात्र दोघांनाही तासन्‌तास राबावे लागते.

म्हणून ताणही दोन. मागच्या पायाची टाच जमिनीवर पूर्ण टेकवून गुडघा ताठ ठेवला की वरचा स्नायू ताणला जातो, आणि टाच न उचलता तोच गुडघा वाकवला की पोटरीच्या खालच्या भागात, टाचेच्या जवळ, ओढ जाणवते. प्रत्येक ताण सुमारे ३० सेकंद, हिसके न देता धरावा. रात्री झोपण्यापूर्वी केल्यास गोळा येणेही अनेकांचे कमी होते.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. सोलियसमध्ये मोठ्या शिरा असतात आणि पायातील रक्त वर ढकलण्याचे कामही हा स्नायू करतो. एकाच पोटरीला सूज, उष्णपणा आणि दुखणे एकत्र आढळल्यास शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी तेल लावून चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.